‘पाठ दुखते’ म्हणत काढलेली सहा वर्षं

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी सगळं जसं बोलले तसंच.)

हेडफोन लावले असतील तर बरंच झालं. आजचा विषय घरात स्पीकरवर लावला, तर कुणीतरी पटकन आवाज कमी करायला सांगेल. ते तसं का सांगतात, यावरही आज बोलायचंच आहे.

मी नाशिकची. वय अठ्ठावीस. सिडकोत वाढले आणि दिवसभर लॅपटॉपसमोर बसायची नोकरी करते. दीड वर्षापूर्वी माझी ब्रेस्ट रिडक्शन सर्जरी झाली. म्हणजे स्तनांचा आकार आणि वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया. तेव्हापासून मैत्रिणी, मैत्रिणींच्या बहिणी, ऑफिसमधल्या दोघी-तिघी हळूच मेसेज करून विचारतात, ‘अगं, एक विचारायचं होतं...’ म्हटलं, एकदाच सगळं नीट बोलावं.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून आणि स्वतः वाचून जे पक्कं कळलं, तेवढंच इथे आहे. तुमचं शरीर वेगळं, तुमचा निर्णयही तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

तर सुरुवात पाठीपासून करू.

विसाव्या वर्षापासून सव्विसाव्या वर्षापर्यंत मी चार डॉक्टरांकडे गेले. चौघांना एकच वाक्य सांगितलं: ‘पाठ दुखते.’ एकांनी एक्स-रे काढला, मणके ठीक निघाले. दुसऱ्यांनी व्हिटॅमिन डी दिलं. तिसऱ्यांनी पेनकिलर दिल्या आणि खुर्ची बदलायला सांगितली. खुर्ची बदलली. चौथे म्हणाले, ‘टेन्शन घेता का तुम्ही?’ आता घ्यायला लागले होते!

त्या चौघांना मी सगळा दोष देणार नाही. खरं कारण मी सांगितलंच नव्हतं. आणि सांगणार तरी कोणत्या शब्दांत? ‘स्तन’ हा शब्द आपण जीवशास्त्राच्या पुस्तकात वाचतो, नाहीतर दवाखान्यातल्या पोस्टरवर. घरात म्हणायचं ‘छाती’. माझी मावशी म्हणायची, ‘पोरीचं वरचं अंग जरा जड आहे.’ कपड्यांच्या दुकानात म्हणायचं, ‘जरा सैल दाखवा.’ म्हणजे जागेलाच नाव नाही. मग तिथे होणाऱ्या त्रासाला नाव कुठून येणार?

मी शाळेत पळायचे. २०१० साली आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. आमच्या शाळेत त्या वर्षी ज्याला-त्याला पळायचं होतं. मलाही. वर्गात मुलींमध्ये पहिली यायचे मी. नववीत मी पळणं सोडलं. पीटीच्या सरांना सांगितलं, पाय मुरगळलाय. तो दर आठवड्याला मुरगळायचा. खरं कारण असं की पळताना दुखायचं, आणि मैदानाच्या कडेला उभी असलेली पोरं बघायची. ओढणी पिनांनी घट्ट करून कुणी पळत नाही.

मग पोक काढून चालायची सवय लागली. खांदे पुढे, पुस्तकं छातीशी धरलेली. कॉलेजात लोकांना वाटायचं, फार अभ्यासू मुलगी आहे.

सव्विसाव्या वर्षी मी एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेले. पुन्हा तेच वाक्य, ‘पाठ दुखते.’ त्यांनी पाठीला हात लावायच्या आधी विचारलं, ‘खांदा दाखवतेस का?’ मी टी-शर्ट सरकवला. ब्राची पट्टी बाजूला केली, तर तिच्याखाली खाच होती. बोट बसेल एवढी. त्या म्हणाल्या, ‘पाठीचं नंतर बघू. हे वजन किती वर्षं उचलतेयस?’

सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता. मी तिथे बसून रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आता जरा समजून घेऊ की होतं काय. स्तनात दोन मुख्य गोष्टी असतात, दूध तयार करणाऱ्या ग्रंथी आणि चरबी. वयात येताना हार्मोन्समुळे ही वाढ होते. कुणात ती जास्त होते. घराण्यात असेल तर शक्यता वाढते, वजन वाढल्यावर वाढते, गरोदरपणात वाढते. वाढ खूप असली की डॉक्टर त्याला मॅक्रोमॅस्टिया म्हणतात. हे सगळं वजन शरीराच्या पुढच्या बाजूला लटकतं आणि त्याला तोलून धरायचं काम मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग दिवसभर करतात. हँडलला पुढे भरलेली पिशवी अडकवून स्कूटी चालवा. पिशवी पुढे असते, भरून येतात मनगटं आणि खांदे. तसंच.

यातून काय काय होतं, ते नीट ऐका, कारण यातली कितीतरी लक्षणं आपण वेगवेगळी समजतो. मान आणि पाठ दुखणं. खांद्यावर पट्ट्यांच्या खाचा. डोकं दुखणं. काहींना हाताला मुंग्या येणं. स्तनांच्या खाली घाम साचून लाल पुरळ, खाज, बुरशी. एप्रिल-मेमधलं नाशिक तुम्हाला माहीत आहे, त्या दिवसांत मी तिथे रुमालाची घडी ठेवून ऑफिसला जायचे. आणि शेवटचं म्हणजे व्यायाम सुटणं. व्यायाम सुटला की वजन वाढतं, वजन वाढलं की त्रास वाढतो. हे चक्र मी पुरेपूर फिरलेय.

आता उपाय. आणि इथे लगेच सर्जरीवर उडी मारायची नाही. त्या ताईंनी मला आधी चार गोष्टी करायला लावल्या.

पहिली, ब्रा. हसू नका. मी मेन रोडवरच्या दुकानात वर्षानुवर्षं जाऊन ‘अडतीस द्या’ म्हणायचे. दुकानदार काका नजर न उचलता अडतीस द्यायचे, बिचारे तेही अवघडलेले. घरी आरशासमोर इंचपट्टी धरली तेव्हा कळलं की माझा स्तनांखालचा घेर चौतीस आहे. आपल्याकडे कप मोठा मिळत नाही म्हणून घेर वाढवून देतात. मग घेर सैल पडतो आणि सगळं वजन खांद्याच्या पट्ट्यांवर येतं. खरं तर बराचसा आधार घेराच्या पट्टीने द्यायचा असतो. मोजायची साधी रीत अशी: एक माप स्तनांच्या बरोबर खाली, एक सगळ्यात भरलेल्या भागावर. दोन्हींत जितक्या इंचांचा फरक, तितका कप पुढे. एक इंच म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी, चार म्हणजे डी, आणि त्याच्याही पुढे कप असतात. ते मोठे कप ऑनलाइन मिळतात. रुंद पट्टीची, बरोबर मापाची ब्रा घातल्यावर माझी डोकेदुखी पंधरा दिवसांत कमी झाली.

दुसरी, व्यायाम. पाठीचे वरचे स्नायू मजबूत करायचे, छातीचे आखडलेले स्नायू मोकळे करायचे. यामुळे स्तन लहान होत नाहीत, वजन पेलायची ताकद वाढते.

तिसरी, शरीराचं वजन. ज्यांच्या स्तनात चरबीचा वाटा जास्त, त्यांना वजन कमी केल्यावर फरक पडतो. ज्यांच्यात ग्रंथींचा वाटा जास्त, त्यांना फारसा नाही. माझं सात किलो कमी झालं, कंबर उतरली, वरती जवळपास तेवढंच राहिलं.

चौथी, त्वचा. जागा कोरडी ठेवायची, पुरळ आलं की त्वचेच्या डॉक्टरांकडून मलम घ्यायचं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचं क्रीम आणून लावत बसायचं नाही.

आणि हो, इन्स्टावर जी तेलं, क्रीम, गोळ्या दिसतात ना, ‘तीस दिवसांत आकार कमी’, त्यांनी स्तन कमी होत नाहीत. पाकीट मात्र होतं.

हे सगळं मी आठ महिने केलं. त्रास निम्म्यावर आला. काही जणींना एवढंच पुरतं आणि ही आनंदाची गोष्ट आहे. मला पुरलं नाही. म्हणून मी सर्जरीबद्दल विचारायला प्लास्टिक सर्जनकडे गेले.

‘प्लास्टिक’ शब्द ऐकला की आपल्याला नट्या आठवतात. तो शब्द ग्रीक आहे, अर्थ आकार देणं. आणि या विषयात आपल्या भागाचं नाव जुनं आहे. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं, त्यावरून नाशिक हे नाव पडलं असं आपण लहानपणापासून ऐकतो. ती झाली कथा. पण पुण्यातली गोष्ट मात्र नोंदलेली आहे. कावसजी नावाचा इंग्रजी फौजेतला बैलगाडीवाला टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला होता, त्याचं नाक कापलं होतं. पुढे पुण्यात एका देशी कारागिराने त्याच्याच कपाळाची त्वचा वळवून त्याला नवं नाक बसवलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हे चित्रासह छापून आलं आणि युरोपातले सर्जन त्यावरून शिकले. त्यातली मेख अशी होती की कपाळाची त्वचा पूर्ण तोडायची नाही, एका देठावर जिवंत ठेवायची, म्हणजे तिला रक्त मिळत राहतं.

हा देठ लक्षात ठेवा. ब्रेस्ट रिडक्शनमध्ये तोच कामाला येतो.

या सर्जरीत जास्तीच्या ग्रंथी, चरबी आणि त्वचा काढतात. मग निपल आणि त्याभोवतीचा गडद गोल भाग नव्या, उंच जागी बसवतात. बहुतेक पद्धतींत तो भाग शरीरापासून तोडत नाहीत. आतल्या ऊतींचा एक देठ शाबूत ठेवतात, ज्यातून रक्त आणि संवेदना पोचतात, आणि देठासकट तो वर सरकवतात. डॉक्टर याला पेडिकल म्हणतात.

मुख्य पर्याय चार.

एक, फक्त लायपोसक्शन. लहान छिद्रांतून चरबी ओढून घेतात. वण अगदी छोटे. पण ग्रंथी निघत नाहीत आणि ओघळलेले स्तन वर उचलले जात नाहीत. चरबी जास्त आणि त्वचा ताणदार असेल, थोडंच कमी करायचं असेल, त्यांच्यासाठी.

दोन, उभी चीर. निपलभोवती गोल आणि तिथून खाली सरळ रेघ. लॉलीपॉपसारखा वण राहतो. मध्यम प्रमाणात कमी करायचं असेल तर.

तीन, नांगराच्या आकाराची चीर. जहाजाचा नांगर, शेतातला नव्हे. लॉलीपॉपची रेघ आणि स्तनाच्या खालच्या घडीत आडवी चीर. मोठ्या आकारासाठी, जास्त त्वचा काढायची असेल तेव्हा. याचा आराखडा रॉबर्ट वाइज या सर्जनने १९५६ साली मांडला आणि तो बेतला होता ब्राच्या कापडी बेतावरून! शिवणकाम येणाऱ्या माझ्या आईला सर्जरीतली ही एकच गोष्ट लगेच पटली.

चार, फ्री निपल ग्राफ्ट. आकार फारच मोठा असेल आणि देठातून रक्त पोचण्याची खात्री नसेल, तर निपल पूर्ण काढून त्वचेच्या तुकड्यासारखं पुन्हा बसवतात. यात तिथली नेहमीची संवेदना जाते आणि त्या बाजूने स्तनपान करता येत नाही. हा पर्याय सुचवला, तर का सुचवला ते नीट विचारून घ्या.

माझ्यासाठी तिसरा पर्याय ठरला. मग घरी सांगायची वेळ आली.

बाबा फक्त म्हणाले, ‘भूल पूर्ण द्यावी लागेल का?’ आणि उठून गच्चीवर गेले. त्यांचं तेच असतं. आत्या फोनवर म्हणाली, ‘लग्न झाल्यावर बघू गं, घाई काय?’ आई ओट्याशी उभी होती. ती म्हणाली, ‘देवानं दिलेलं कापून टाकायचं?’

मी म्हटलं, ‘आई, बाबांचं अपेंडिक्सही देवानंच दिलं होतं.’

ती हसली नाही. म्हणाली, ‘उद्या लेकरू झालं, तर त्याला पाजशील कशी?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि हा प्रश्न खोटा नाही. म्हणून पुढच्या भेटीला मी आईला घेऊन गेले. तिने स्वतः डॉक्टर मॅडमना विचारलं. मॅडमनी उत्तर गुळगुळीत केलं नाही. म्हणाल्या, ‘काकू, देठ ठेवून केलेल्या सर्जरीनंतर बऱ्याच जणी बाळाला पाजू शकतात. काहींना दूध कमी पडतं, वरचं द्यावं लागतं. काहींना जमत नाही. तुमच्या मुलीचं काय होईल, याची हमी मी देऊ शकत नाही.’ मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘गरोदरपणानंतर आकार पुन्हा बदलू शकतो. म्हणून काही जणी थांबतात. थांबणं हाही पर्याय आहे.’

रिक्षात आई गप्प होती. मी मनात हिशेब करत होते. लग्न ठरलेलं नव्हतं, ठरवायची घाईही नव्हती. होईल की नाही हे माहीत नसलेल्या गोष्टीसाठी रोजचं दुखणं किती वर्षं काढायचं? पण उद्या बाळ झालं आणि दूध आलं नाही, तर मला वाईट वाटेल का? वाटेल. हे दोन्ही खरं होतं आणि एकाने दुसरं खोटं होत नव्हतं.

त्या रात्री आई माझ्या खोलीत आली. दार लोटलं. काही न बोलता गाऊन खांद्यावरून थोडा सरकवला. तिच्या खांद्यावर माझ्यासारख्याच खाचा होत्या. माझ्यापेक्षा खोल, काळ्या पडलेल्या.

म्हणाली, ‘मला वाटायचं, सगळ्यांनाच असतं.’

आमच्या घरात बामची बाटली कधी संपली नाही. आईची पाठ दुखते, हे आम्ही भावंडं हवामानासारखं ऐकत आलो. पावसाळ्यात पाऊस, घरात आईची पाठ. कुणी विचारलंच नाही, का दुखते.

दोन दिवसांनी पोळ्या लाटता लाटता तिने विचारलं, ‘तारीख कधीची घ्यायचीय?’

आता धोक्यांबद्दल. जे डॉक्टर धोके सांगत नाहीत, तिथून उठा. रक्त साचू शकतं, जंतुसंसर्ग होऊ शकतो. जखम भरायला वेळ लागू शकतो, विशेषतः उभी आणि आडवी चीर मिळते त्या कोपऱ्यावर. निपलची संवेदना कमी होऊ शकते, क्वचित वाढते, काहींची कायमची जाते. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत. आतली चरबी कडक होऊन गाठीसारखी लागू शकते. निपलचा रक्तपुरवठा तुटून ते गमावणं, हे क्वचित घडतं, पण घडतं. वण राहतातच. आपल्या सावळ्या त्वचेत ते जाड किंवा गडद होण्याची शक्यता असते. केलॉइडची प्रवृत्ती असेल, म्हणजे कान टोचल्यावर गाठ आली होती असं काही, तर आधीच सांगा. आणि सिगरेट, व्हेप, तंबाखू जे काही असेल, ते लपवू नका. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि देठाचं सगळं काम रक्तावर चालतं. काही आठवडे आधी आणि नंतर ते पूर्ण बंद करावं लागतं.

सर्जरीआधी स्तनांची तपासणी होते. तरुण वयात सोनोग्राफी, वय आणि घरातला कॅन्सरचा इतिहास बघून मॅमोग्राफी. काढलेला भाग तपासायला पॅथॉलॉजीकडे पाठवतात. पाठवणार ना, हे विचारा. पुढे कधीही मॅमोग्राफी करताना ही सर्जरी झाल्याचं सांगायचं, कारण आतले वण फोटोत दिसतात.

डॉक्टर कसे निवडायचे? पाटीवर काय लिहिलंय, यापेक्षा पदवी बघा. प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. हवी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का, ते पाहता येतं. अशा किती सर्जरी केल्या, गुंतागुंत झाली तर कोण बघेल, आयसीयूची सोय कुठे, हे विचारायला लाजू नका. मी वहीत लिहून नेलं होतं. मॅडम म्हणाल्या, ‘वहीवाली पेशंट बरी.’

पैसे. मला नाशिकमध्ये जे अंदाज मिळाले ते लाखाच्या वर आणि दोन लाखांच्या आसपास होते. ज्यांना हे झेपत नाही, त्यांच्यासाठी सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. मुंबईत जे.जे., केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून. तिथे भाजलेल्यांना आणि अपघातातल्या रुग्णांना आधी घ्यावं लागतं, त्यामुळे थांबायची तयारी ठेवा.

आरोग्य विम्यात कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी साधारण वगळलेली असते. पण त्याच कलमात अपवादही असतो. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची सर्जरी, किंवा आरोग्याला थेट धोका आहे म्हणून वैद्यकीय गरज आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलेली सर्जरी. म्हणून फिजिओथेरपीचे कागद, त्वचेच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, खाचांचे फोटो जपून ठेवा आणि सर्जरीच्या आधी लेखी विचारा. माझा दावा पहिल्यांदा नाकारला, कागद लावून पुन्हा पाठवल्यावर काही भाग मिळाला. तुम्हाला मिळेलच, असं मी म्हणत नाही.

सर्जरी साडेतीन तास चालली. डावीकडून ५६० ग्रॅम निघालं, उजवीकडून ६१०. मिळून सव्वा किलोच्या जरा खाली. ऐकायला कमी वाटतं ना? घरातलं किलोभर तांदळाचं पाकीट गळ्यात अडकवा आणि दिवसभर स्वयंपाक करा.

दोन रात्री दवाखान्यात. साचलेलं पाणी काढायला दोन नळ्या होत्या, त्या तिसऱ्या दिवशी निघाल्या. पहिला आठवडा हात वर करता येत नव्हते, वेणी आईने घातली. सहा आठवडे आधार देणारी ब्रा रात्रंदिवस. जड उचलायचं नाही, पहिला महिना स्कूटी बंद. दोन आठवड्यांनी घरून काम सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात उजव्या बाजूच्या त्याच कोपऱ्यावर जखम थोडी उघडली. घाबरले, रात्री साडेदहाला फोटो पाठवला. रोज ड्रेसिंग करून ती भरायला पाच आठवडे लागले. डाव्या निपलला अजूनही संवेदना कमी आहे. येईल असं आता वाटत नाही. वण आहेत, फिके होतायत. हे मी लपवत नाही, कारण मला कुणी हे आधी सांगितलं नसतं, तर मी घाबरून गेले असते.

आणि मिळालं काय? भूल उतरल्यावर दुसऱ्या दिवशी उठून बसले, तेव्हा टाके ओढत होते, पण मान हलकी होती. ते मी शब्दांत नीट सांगू शकत नाही.

रोमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप हिने २००९ साली, सतरा वर्षांची असताना ही सर्जरी करून घेतली होती. वजनामुळे कोर्टवर चपळाई कमी पडते, असं तिचं म्हणणं होतं. पुढे ती जगात पहिल्या क्रमांकावर गेली, २०१८ मध्ये फ्रेंच ओपन आणि २०१९ मध्ये विम्बल्डन जिंकली. सर्जरी केली म्हणून जिंकली असं नाही, मेहनत तिचीच. पण तिने ते जाहीरपणे सांगितलं, याचा मला फार आधार वाटला. इतक्या लहान वयात मात्र डॉक्टर साधारण वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगतात. आणि आपल्याकडे अठराच्या आत असाल तर पालकांची संमती लागते.

मी काही विम्बल्डन जिंकणार नाही. पण चार महिन्यांनी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, सकाळी सहाला गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर गेले. अर्धी फेरी पळाले. धाप लागली, पोटात कळ आली, थांबले. पाय मुरगळला नव्हता.

आईने सर्जरी केली नाही. तिला साखरेचा त्रास आहे आणि तिला नकोच होती. पण तिचं माप घेतलं, बरोबर ब्रा आणल्या, ती त्याच फिजिओ ताईंकडे जाते. परवा म्हणाली, ‘बाम संपला तर आणायची घाई नाही.’

जाता जाता एवढंच. तुमच्यातल्या कुणाला हा त्रास असेल, तर डॉक्टरांसमोर बसल्यावर नुसतं ‘पाठ दुखते’ म्हणू नका. तीन वाक्यं पाठ करून जा. ‘माझ्या स्तनांच्या वजनामुळे मान, पाठ आणि खांदे दुखतात. हे इतक्या वर्षांपासून आहे. मी आतापर्यंत हे-हे करून पाहिलंय.’ पहिल्या वाक्यातला तो शब्द घशात अडकेल. माझाही अडकला होता. घरी दोन-चारदा मोठ्याने म्हणून बघा. सर्जरी करायची की नाही, हे नंतर ठरेल, आणि ‘नाही’ ठरलं तरी हरकत नाही.

मुलग्यांनो, तुम्ही इथपर्यंत ऐकलं असेल तर तुमच्यासाठी दोन गोष्टी. मुलांमध्येही स्तनांची वाढ होते, तिला गायनेकोमॅस्टिया म्हणतात, आणि त्यावरही उपचार आहेत. ट्रोल होत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि दुसरी, मैदानाच्या कडेला उभे असाल, तर पळणाऱ्या मुलीकडे बघत बसू नका. तिची एक फेरी वाया जाते. कधी कधी बारा-तेरा वर्षं.

हा भाग तुमच्या बहिणीला पाठवा, मैत्रिणीला पाठवा. जमलं तर आईलाही. तिला हेडफोन लावून द्या आणि खोलीतून बाहेर जा. बाकीचं ती बघून घेईल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.